चेहऱ्याचा वर्ग

माझ्या हातून उभ्या नोकरीत एकच छडी मोडली, आणि ती मोडली तेव्हा मी मुलांना राग आवरण्याचा उपदेश करीत होतो. ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोललो नाही. आता पन्नाशी उलटली आहे, पेन्शनीचा कागद हाती पडला आहे, आणि या मासिक पुस्तकाच्या चालकांनी शाळेतला एखादा बोधपर अनुभव लिहून द्यावा असा आग्रह धरला आहे. बोधपर म्हणावे असे माझ्यापाशी फारसे काही नाही, हे आरंभीच कबूल करतो. जे आहे ते हसण्यासारखे आहे. त्यात माझी एक चूक आहे. तीही बरीचशी हसण्यासारखीच आहे, सगळी मात्र नाही.

अमेरिकेत भाऊबंदांची लढाई पेटली होती, त्या वर्षांची ही हकीकत. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवले, आणि अमरावती आनंदाने खुळी झाली. सकाळी ऐकलेला भाव दुपारी कोणाला सांगावा, तर ऐकणारा आपल्यालाच हसे. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. एक शेतकरी भर बाजारात आपल्या बैलाला जिलबी चारताना मी पाहिला आहे. वर तो बैलाला म्हणत होता, "खाय बापा, खाय. तुह्याच पुण्याईनं चाल्लं हाये सारं." मी पुण्याकडून दोन धोतरे आणि एक छत्री एवढ्या सामानानिशी नेमणुकीवर आलेला, हळू आवाजात बोलणारा पंतोजी. माझ्यापाशी कापसाचे बोंडसुद्धा नव्हते. तरी एकदा रस्त्यात एका अनोळखी गृहस्थाने मला कडकडून मिठी मारली आणि भाव चढल्याबद्दल माझे अभिनंदन केले. मी ते स्वीकारले. त्या दिवसांत नाकारणे असभ्यपणाचे झाले असते.

शाळा बाजाराला लागून होती. माझ्याकडे तेरा ते सोळा वर्षांची मुले होती. वाचन, मोडी, हिशेब, भूगोल आणि थोडे इंग्रजी, एवढे शिकवण्याचा मला हुकूम होता. मुलांच्या मनाविषयी वरून आलेल्या एकाही कागदात एक ओळ नव्हती. पण रोज सकाळी दारातून आधी आत येई ते मन. पाटी-दप्तर त्याच्या मागून. अमक्याच्या बापाच्या बैलांना मोठी घुंगरे, म्हणून तमका त्याच्याशी आठ-आठ दिवस अबोला धरी. निम्म्या वर्गाची लग्ने झालेली होती. एकाला सासरकडून साधा फेटा आला आणि त्याच्या साडूला जरीचा गेला. त्या रागाने तो शाळेपुढच्या लिंबावर चढून बसला. त्याला खाली उतरवण्यात त्या दिवशीचा सगळा भूगोल बुडाला. जे वय मुळातच उकळीचे, त्याखाली कापसाच्या भावाने आणखी जाळ घातला होता.

या सगळ्यांत तुळशीराम वेगळा होता. तिवशाकडच्या एका गावच्या पुंजाजी पाटलांचा हा मुलगा, वय पंधरा, अमरावतीत मावशीकडे राहून शिकत असे. तो रागवत नसे, रुसत नसे. तो हसे. त्याचे हसणे एकदा सुटले म्हणजे शेजारचा मुलगा, मग बाक, मग सगळी खोली, अशी ती आग पसरत जाई. आणि नकाशा पुढे घातला की त्याचे डोळे लकाकत. एकदा त्याने समुद्रावर बोट ठेवून विचारले, "पंतोजी, त्या आंगच्या लोकायनं एकमेकायले मारलं, म्हून आमच्या आंगच्या बैलाले जिलबी भेटली, असं हाये का?"

मी नकाशा गुंडाळून ठेवला. उत्तर 'होय' असे होते.

आता छडीविषयी. हंगामात बाजारातली कापसाची पिंजर, म्हणजे उडते तंतू, वाऱ्याबरोबर खिडकीतून आत येई आणि पाट्यांवर, पुस्तकांवर, आमच्या पागोट्यांवर बसे. एके दिवशी दोन मुलांची मारामारी झाली, ती सोडवून मी क्रोधावर बोलावयास उभा राहिलो. क्रोध हा मनुष्याचा शत्रू आहे, त्याला क्षमेने जिंकावे, असे माझे चालले असता पिंजरीचा एक पुंजका तरंगत आला आणि माझ्या मिशीवर बसला. मला तो दिसत नव्हता. मी बोलू लागलो की तो वर उडे, थांबलो की पुन्हा मिशीवर येऊन बसे. 'क्षमा' या शब्दाला तो चांगला वीतभर वर गेला आणि परत आला. तुळशीराम हसला. मग सारी खोली हसली. आणि मी, क्रोधाचे शत्रुत्व सांगणारा मी, त्याच्या तळहातावर छडी अशी ओढली की तिचे दोन तुकडे झाले. एक तुकडा माझ्या हातात राहिला. पिंजर अजून मिशीवरच होती.

त्याने हात मागे घेतला, पाहिला, आणि हळूच म्हणाला, "पंतोजी, तुमच्या मिशीले कापूस लागला."

त्या दुपारी मला जेवण गेले नाही. मी लाजेने बाजारात भटकत राहिलो, आणि तिथे मला जो उपाय सापडला असे वाटले, तोच माझ्या चुकीचा आरंभ होता.

वऱ्हाडातला कापसाचा सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि दलाल हातात हात घेतात, वरून रुमाल पांघरतात, आणि बोटे दाबून आकडा सांगतात. चार बोटे दाबली म्हणजे चार, सगळा पंजा धरला म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसे माना लांब करून उभी असतात. त्यांना फक्त दोन चेहरे दिसतात. म्हणून चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. इस्माइलभाई नावाचे एक म्हातारे दलाल या कामात सर्वांचे गुरू होते. त्या दुपारी त्यांच्या रुमालाखाली असा काही भाव ठरला, की विकणारा शेतकरी हात सुटताच मटकन खाली बसला आणि त्याला पाणी पाजावे लागले. इस्माइलभाईंची मुद्रा मात्र पाण्याने भरलेल्या रांजणासारखी स्थिर होती. मला वाटले, संयम म्हणतात तो हाच. आपण तो पोथीतून शिकवतो, आणि तो इथे रुमालाखाली रोज नांदतो आहे.

त्यांचा पुतण्या हबीब माझ्याच वर्गात होता, तेवढ्या ओळखीवर मी त्यांना विनंती केली. ते गोंधळले. "पंतोजी, ये तो पेट का धंदा है. तुमच्या इस्कुलात ह्याचं काय काम?"

मी म्हणालो, "मुलांना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवायचे आहे."

"मंग बुढ्ढ्यायले बोलवा ना. पोट्टे कायले बिगाडता?" असे म्हणून ते हसले, पण शनिवारी रुमाल घेऊन आले.

त्या शनिवारांइतका आनंद मला शिकवण्याच्या धंद्यात पुन्हा मिळाला नाही. खेळ असा होता: दोन मुलांनी रुमालाखाली हात घालून एकमेकांना आकडे सांगावेत, आणि बाकीच्यांनी त्यांना हसवण्यासाठी आकाशपाताळ एक करावे. ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटेल तो बाद. हबीब शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांच्या चालीची नक्कल करी. कोणी बकरीचे पिल्लू आणून रुमालावर ठेवी. कोणी लिंबावर चढलेल्या त्या जावयाला समोर उभे करून 'फेटा!' एवढेच ओरडे. मी स्वतः, ईश्वर मला क्षमा करो, एकदा मिशीला कापूस लावून क्रोधावरचे तेच व्याख्यान पहिल्यापासून म्हटले. इस्माइलभाई दाराशी बसून डोळे पुशीत आणि पुटपुटत, "या अल्ला, ये इस्कूल है के जत्रा!"

तुळशीराम तीन शनिवार पहिल्याच झटक्यात बाद झाला. रुमाल अंथरण्याआधीच तो हसे. रुमालाच्या नुसत्या घडीला हसे. मुले त्याला चिडवू लागली, "हासऱ्या, तुले कापूस न्हाई, भोपये इकाले बसवू!" चौथ्या शनिवारी तो बसला आणि हसला नाही. बकरी आली, फेटा आला, मी मिशीला कापूस लावून आलो. तो भिंतीसारखा बसून राहिला. मी टाळ्या वाजवल्या. आज हे लिहिताना लेखणी थोडी अडते, पण वाजवल्या हे खरे.

गुण मात्र दिसू लागला. भांडणे थांबली, लिंबावर कोणी चढेना, अबोले मिटले. निदान ते मला दिसेनासे झाले. माघात अकोल्याहून डिप्टी साहेब परीक्षेला आले. ते मनाने मोठे उदार गृहस्थ होते. दर वर्षी ते मुलांना एकच विनोद सांगत, आणि दर वर्षी मुले पोट धरधरून हसत. त्यांनी विनोद सांगितला. अडतीस चेहरे त्यांच्याकडे शांतपणे पाहत राहिले. त्यांना वाटले, ऐकू गेले नसावे. त्यांनी तो जरा मोठ्याने पुन्हा सांगितला. मग ते माझ्याकडे वळून काळजीच्या स्वरात म्हणाले, "मुलांना तापबीप आहे काय?"

"नाही साहेब," मी नम्रपणे म्हणालो, "संयम आहे."

त्यांनी तो शब्द टिपून घेतला. जाताना म्हणाले, "तुमचा तुळशीराम नकाशात सर्वांच्या पुढे आहे, त्याला अकोल्याच्या मोठ्या शाळेत घालू. राहण्याजेवण्याची सोय मी करतो. आठ दिवसांनी माझ्या गाड्या परत निघतील, त्यांतून येऊ द्या. फक्त बापाची परवानगी घ्या."

बाप आला. पुंजाजी पाटील म्हणजे आडव्या बांध्याचा, लाल पागोट्याचा, खणखणीत आवाजाचा माणूस. सात पिढ्या काळ्या मातीत पाय रोवून उभा. मी त्यांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पंतोजी, मी काई आडमुठा मानूस न्हाई. पोराले गोडी असन तं जाऊ द्या. न्हाई तं हंगाम सुरू हाये, मले हाताखाली मानूस पायजे." मग मुलाकडे वळून, सगळ्या वर्गासमोर: "काऊन रे, जायचं हाये का तुले अकोल्याले?"

मी तुळशीरामाकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. पापणीसुद्धा नव्हती हलत.

"तुमी म्हनसान तसं, बाबा."

"तसं न्हाई. तुले वाटते का?"

"तुमी म्हनसान तसं."

पाटलांनी क्षणभर त्या चेहऱ्यात काही सापडते का ते पाहिले. शेतकरी आभाळाकडे पाहतो तसे पाहिले. मग मान हलवली. "गोडी न्हाई पोराले," ते म्हणाले, आणि त्याला घेऊन गेले. त्या वेळी मला काय वाटले ते सांगितले पाहिजे. मला वाईट वाटले. पण त्याआधी, एका श्वासापुरते का होईना, मला वाटले: वा! बापासमोरसुद्धा रेघ हलली नाही!

यानंतरचे चार दिवस म्हणजे माझ्या कीर्तीचे शिखर. तुळशीराम बापाबरोबर बाजारात बसू लागला, आणि पंधरा वर्षांच्या त्या मुलाने पहिल्याच दिवशी रुमालाखाली मुरलेल्या दलालांना घाम फोडला. बाजारात एकच गजर झाला, की हे पोर पंतोजींच्या शाळेत तयार झाले. पाटलांनी माझ्या घरी एक अख्खी बैलगाडी पाठवली. तीत तुपाचा डबा, डांगर, तुरीच्या शेंगा, उसाच्या मोळ्या आणि एक जिवंत, अतिशय संतापलेला कोंबडा होता. मी शाकाहारी ब्राह्मण. कोंबड्याला नकार देण्याइतका मोठा आवाज मला काढता आला नाही. तो चार दिवस माझ्या अंगणात राहिला आणि पहाटे पाढे म्हणावेत तसा ओरडत राहिला.

पाठोपाठ इतर बाप आले. "पंतोजी, आमच्या बी पोट्ट्याचं थोबाड बंद करून द्या." "माह्या पोराले निसतं पाह्यलं तरी समजते का याच्या पोटात काय हाये. त्याले सुदरवा." ज्यांनी कधी शाळेकडे पाहिले नव्हते ते मुलांना हाताला धरून आणू लागले. बाक पुरेनात, मुले दारात बसली, खिडकीत बसली. वर्ग भरला की सरकार खूश, सरकार खूश की पंतोजी खूश. भूगोल कोणी मागत नव्हते. चेहरा मागत होते. मी देत होतो, आणि मला त्यात गोडी वाटत होती, हेही इथे लिहून ठेवतो.

डिप्टी साहेब गेल्यापासून सातव्या दिवशी दुपारी इस्माइलभाई शाळेत आले. रुमाल आणला नव्हता. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी मला लिंबाखाली नेले.

"पंतोजी, एक बात सांगू का? बुरा न मानना. तुमी पोट्ट्यायले चेहरा शिकवला. चेहरा तं आमी दुनियाले दाखवाले ठेवतो. सौदा हातात असते."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजे असं, का चाळीस साल झाले मी हात पकडून राह्यलो. चेहरा झूट बोलते, हात न्हाई बोलत. काल तुळश्याचा हात माह्या हातात व्हता, रुमाल के नीचे. बात-बात में मी म्हनलं, परवा डिप्टी साहबच्या गाड्या अकोल्याले चाल्ल्या. चेहरा? पत्थर! अन् हात?" त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला, आणि बोटे अशी थरथरवली की मी दचकलो. "थंडा पडला व्हता, पंतोजी. कुव्याच्या पान्यावानी. पोरगं मरून राह्यलं जायासाठी, अन् तुमीच त्याचं तोंड शिवून टाकलं."

माझे पहिले उत्तर काय होते ते सांगतो. मी म्हणालो, "कदाचित थंडी असेल."

इस्माइलभाईंनी डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. दारात तीन नवे बाप आपापली मुले घेऊन थांबले होते. मी त्यांच्यावरून नजर काढली, छत्री न घेताच निघालो, आणि बाजाराकडे पळत सुटलो. पंतोजी पळतो आहे हे पाहून सगळा वर्ग माझ्या मागे पळत सुटला.

गाड्या दुसऱ्या सकाळी निघणार होत्या. बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांच्या रांगा, कापसाचे डोंगर, बैल, माणसे, घुंगरे. पार पलीकडच्या टोकाला पाटलांचे लाल पागोटे दिसत होते, शेजारी तुळशीराम, दोघांपुढे रुमाल. "पुंजाजी पाटील!" मी हाक मारली. माझ्या शेजारचा बैलही वळला नाही. आयुष्यभर हळू बोलणे हा मी गुण समजत आलो होतो. "अहो पाटील!" हबीब मागून म्हणाला, "पंतोजी, असं न्हाई. गाडीवर चढा!"

मुलांनी मला उचलून सुट्या कापसाने भरलेल्या एका गाडीवर ढकलले. मी उभा राहिलो, आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक पाय वर काढू लागलो, तर दुसरा मांडीपर्यंत गेला. कंबरेपर्यंत कापसात रुतलेला मी, पागोटे एका कानावर आलेले, सगळा प्राण एकवटून ओरडलो: "पाटील! फार मोठे नुकसान झाले आहे!"

मला पुढे 'तुमच्या मुलाचे' असे म्हणायचे होते. पण त्या बाजारात दोन-तीन वर्षांत 'नुकसान' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. क्षणात सगळे चिडीचूप झाले. आणि मग, "काय झालं? भाव पडला का?" "कोन म्हनते?" "पंतोजी म्हनते! शिकेल मानूस हाये!" "अमेरिकेतली लढाई सरली का बे?" पन्नास ठिकाणी पन्नास रुमाल एकदम दूर झाले, गुंतलेली बोटे उघड्यावर आली, कोणाचा आकडा काय होता ते सगळ्या जगाला दिसले आणि त्यावरून आणखी भांडणे सुरू झाली. एक जाडजूड सावकार आपल्याच गोणीवर पालथा पडला. जिलबी खाणारा तो बैल दोरी तोडून हलवायाच्या दुकानाकडे निघाला, आणि मी कापसातून दोन्ही हात हलवत ओरडत होतो, "नाही हो! कापसाचे नाही! कापूस चांगला आहे! कापूस फार चांगला आहे!" असे ओरडत असताना मी छातीपर्यंत आत गेलो.

तेवढ्या गलबल्यात मला एक आवाज ऐकू आला. तुळशीराम हसत होता. पहिल्यांदा नाकातून, मग खांद्यांतून, मग बाजार दणाणून जाईल असा. तो हसत जमिनीवर बसला. आणि मग मला दिसले की तो नुसता हसत नव्हता. रडणे आणि हसणे एकाच दारातून एकदम बाहेर पडू पाहत होती.

पुंजाजी पाटील त्याच्यापुढे उकिडवे बसले. "काय झालं बेटा? काय झालं?"

"बाबा, मले जायचं हाये अकोल्याले."

"मंग तवा काऊन न्हाई बोल्ला? मी इचारलं ना तुले? दोनदा इचारलं!"

"तोंड हालू द्याचं न्हाई म्हन्ते पंतोजी." तो हुंदका आणि हसू यांच्यामधून म्हणाला, "मले वाटलं, तुमाले समजन."

"मले कसं समजन रे? मी काय देव हाये?" पाटलांचा आवाज चढला. त्यांनी पागोट्याच्या टोकाने आधी मुलाचे तोंड पुसले, मग स्वतःचे. मग उठून माझ्या गाडीपाशी आले. माझे डोके आणि दोन हात एवढेच बाहेर होते.

"पंतोजी, एक सांगा मले. तुमच्या शाळेत तोंड बंद कराले शिकवते का उघडाले?"

मी म्हणालो, "पाटील, चूक माझी आहे. मला वाटले होते, जे दिसत नाही ते आवरले गेले. तुमच्या मुलाला मी आवरायला शिकवले नाही, लपवायला शिकवले."

त्यांनी मागे उभ्या मुलांकडे मान वळवली. मग म्हणाले, "भाहीर काढा रे ह्यायले. कापूस खराब होऊन राह्यला."

दुसऱ्या सकाळी तुळशीराम, बापाने अंगावर चढवलेला मखमली अंगरखा घालून, डिप्टी साहेबांच्या गाडीतून अकोल्याला गेला. पंधरा दिवसांनी डिप्टी साहेबांचे पत्र आले: 'आपण संयमी म्हणून पाठविलेला विद्यार्थी बडनेऱ्यापासून जो बोलू लागला तो मूर्तिजापूर मागे पडले तरी थांबला नाही. नदी दिसली की तिचे नाव, गाव लागले की त्याची शीव, सर्व विचारतो. मखमली अंगरखा टोचतो हे त्याने मला चार वेळा सांगितले. माझा गाडीवान शेवटी खाली उतरून बैलांबरोबर चालत आला.' मी ते पत्र वर्गात वाचून दाखवले. सदतीस मुले, आणि नवी आलेली ती वेगळी, भिंती हलतील अशी हसली. कोणी बाद झाले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी रुमाल मिटवला. आता प्रत्येकाने उभे राहून, आठवड्यात आपल्याला काय वाटले ते एका वाक्यात, मारामारी न करता आणि झाडावर न चढता सांगायचे होते. हे चेहऱ्यापेक्षा फार अवघड निघाले. "मले राग आल्ता" एवढे म्हणायला एकेकाला पाव घटका लागे. चेहऱ्यासाठी आलेले बाप आपली मुले परत घेऊन गेले. त्यांपैकी किती मुले तो शिवलेला चेहरा घेऊन बाजारात बसली आणि रुमालाखाली त्यांचे हात कसे होते, हे मला माहीत नाही. मी ते कधी विचारायला गेलो नाही. हे माझ्या खात्यावर राहिलेच.

फाल्गुन लागता लागता एका शनिवारी पुंजाजी पाटील दाराशी आले. बाजाराच्या कामाला आलो होतो, सहज डोकावलो, असे म्हणाले. हबीब लगेच बोलला, "काकाजी, बसा ना! पन इथं बसलं का बोला लागते!" मुलांनी सरकून जागा केली. ते लाल पागोटे तेवढ्या लहान बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसले आणि इतरांचे ऐकत राहिले. एकाने सांगितले की त्याला अंधाराची भीती वाटते. एकाने सांगितले की त्याला त्याचा साडू आवडत नाही. मग पाटलांची पाळी आली. मी त्यांना वगळून पुढे जाणार होतो. पण ते स्वतःच उठून उभे राहिले. खणखणीत आवाजाचा तो माणूस, दोनदा खाकरला.

"माहा पोरगा," ते म्हणाले, आणि थांबले. "माहा पोरगा लय खाते."

मुले खदखदून हसली. तेही हसले, मान खाली घालून.

"त्याच्या मायच्या हाताले सवय हाये. आताबी तेवढ्याच भाकरी थापते थे." त्यांनी पागोटे नीट केले, ते नीटच होते. "रोज दोन भाकरी उरते."

हसणे हळूहळू थांबले. मुले माझ्याकडे पाहू लागली, कारण नियम असा होता की वाटते ते स्पष्ट सांगायचे, आणि स्पष्ट न सांगितल्यास मी पुन्हा सांगायला लावीत असे. मी पाटलांना पुन्हा सांगायला लावले नाही. बसा म्हणालो, आणि ते बसले.